पहिल्या अखजीची हाक

नलूनं चुलीपुढून मान वळवली आणि दिराच्या हातातलं कोरं मातीचं भांडं पाहून म्हणाली, "हे काय आनलं, भाऊजी? एक केळी तुमच्या भावानं कालच आनली. सासू तं मले एकच होती."

धनंजय ओसरीच्या पायरीवर थबकला. केळी त्यानं दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती. जाम फाट्यावरच्या कुंभारणीनं बजावलं होतं, गळ्याले धरू नोको भाऊ, बुडाले धर; कोरं मडकं हाये, रुसून फुटते.

"ही इथं मांडायला नाही आणली, वहिनी," तो म्हणाला. "ही माझ्या घरची. मी मामीले घ्यायला आलो."

ओसरीच्या कोपऱ्यात मोहिनी परातीत लांब रोटीची कणीक आपटत होती. तिचा हात तसाच कणकेत राहिला.

गेलेल्या माणसाला पहिल्या अखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, पितरांत बसवायचं. पुरुषासाठी करा, बाईसाठी केळी. कोऱ्या मातीत पाणी भरून ते गव्हाच्या राशीवर मांडायचं, आणि गेलेल्याच्या जवळचं एखादं माणूस पाटावर बसवून त्याच्या नावानं जेवू घालायचं. नलूची सासू आनंदाबाई श्रावणात गेली. तिच्या पाटावर बसायची ती तिच्या भावाची बायको, जामच्या धुरपतामामी, यात कोणाचं दुमत नव्हतं. दुमत घराचं होतं. ज्या घरी पहिली केळी मांडली, त्या घरची वाट पितर ओळखतं आणि वर्षोवर्षी तिथंच येतं, असं हे लोक मानत आले होते. आणि भावाभावांनी दोन घरी दोन केळ्या मांडल्या, की बांध न घालताही शेत तुटलं.

माजघरात सासऱ्यांचा, रूपरावांचा करा मांडून झाला होता. त्याच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून, आनंदाबाईची केळी. बाहेर वैशाख पेटला होता आणि आत त्या दोन मडक्यांना गार घाम फुटला होता.

मुकेश परसातून पळसाची पानं घेऊन आला. धाकट्या भावाला पाहून त्याचा चेहरा आधी उघडला, मग त्याच्या हाताकडे नजर जाताच मिटला.

"कवा आला?"

"आत्ताच."

"बस. पानी घे."

"बसत नाही, दादा. तिकडे पिपरीला स्वयंपाक तयार आहे. सारे वाट पाहून राह्यले. मामीले घेतो अन् निघतो."

"मामीले मी काल आनलं."

"जामला गेलो तेव्हा समजलं. एक फोन करता आला असता तुले."

"तुलेबी आला असता."

धुरपतामामी खाटेवर बसून आंब्याचा रस पिळत होत्या. पितराच्या माणसानं कामाला हात लावायचा नसतो, असं नलूनं दोनदा सांगून पाहिलं होतं. मामींचं म्हणणं, "पितर काय बसून राह्यते का व? तुही सासू जित्तेपनी बसली नाई, ते आता बसंन?"

त्यांनी कोपरापर्यंत माखलेले हात तसेच हवेत धरले आणि दोघा भाच्यांकडे पाहिलं. "मी काय नवरी हाये बाप्पा, दारात दोन गाड्या उभ्या कराले? पोट एकच हाये माह्यावालं. अर्धं इथी अन् अर्धं पिपरीत जेवू का?"

"इथी जेवा," नलू म्हणाली.

"तिकडे चला," धनंजय म्हणाला.

"अन् बाबा?" मोहिनी कणकेतून हात न काढताच बोलली. हिंगणघाटहून ती पहाटेच्या गाडीनं आली होती, आणि घरात पाय ठेवल्यापासून कोणी तरी हे बोलेल याचीच वाट पाहत होती. "बाबाचा करा इथी, मायची केळी तिथी. मेल्यावर तिले येगळं राहाले धाडतो का, धनू?"

"ताई, तू मधात पडू नको. तुझं घर हिंगणघाटले आहे."

"हो ना. म्हनून तं मधात पडता येते. मले कोनाचीच केळी मांडाची नाई."

धनंजयनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. त्याला जे बोलायचं होतं ते त्यानं गाडीत दहादा बोलून पाहिलं होतं, आणि आता ते एकदम, वेगळ्याच आवाजात बाहेर आलं. "माय शेवटची दोन वर्षं माझ्या घरी होती. मी उपकार सांगून नाही राह्यलो. पण रात्रीबेरात्री तिचा दम चढायचा, अन् ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून बसायची. माझ्या घराची वाट तिले माहीत आहे. ती माझ्या हातावर गेली, दादा. तू तर दवाखान्यापर्यंत येऊन बाहेरच्या बाकावर बसून राह्यला. आत यायले तुझे पाय नाही उचलले. मग तुझ्या हाकेला ती ओ कशी देईल?"

चुलीवरच्या उपड्या मटक्यावरच्या रोटीचा करपट वास आला, तेव्हा नलू भानावर आली आणि तिनं ती ओढून काढली.

मुकेश खाली बसला. एक पान त्यानं दुसऱ्या पानाला टाचलं, मग तिसरं. श्रावणापासून या वाक्याची त्याला सवय झाली होती. धनंजय ते बोलला नव्हता, पण दर फोनमध्ये ते होतं. तब्येत कशी, पाऊस कसा, यांच्या मधल्या जागेत.

उत्तर त्याच्याजवळ होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं.

तो जन्मला तेव्हा घर भरलेलं होतं. दोन्ही काका लग्नाआधीचे, दिवसभर त्यांची हाक घरात घुमायची: वहिनी, भाकर, वहिनी, पानी, वहिनी, माही टोपी कुठी? पहिलं लेकरू बोलायला लागलं ते तोच शब्द घेऊन. आजी पोट धरून हसली, आणि कोणी दुरुस्त केलं नाही. पुढं मोहिनी झाली, धनू झाला. तोवर काका आपापल्या घरी गेले होते, आणि त्या दोघांना माय हा शब्द सरळ, कोवळा मिळाला. मुकेशजवळ काकांचा जुना शब्द राहिला, मोठ्यांच्या सदऱ्यासारखा, बाह्या लोंबणारा. तो आठ-नऊ वर्षांचा असताना एकदा त्यानं माय म्हणून पाहिलं होतं. मोहिनी इतकी हसली की त्यानं पुन्हा म्हटलं नाही.

काल जामला कुंभारणीनं विचारलं, कोनासाठी पाह्यजे? तो सहज बोलून गेला, वहिनीसाठी. ती हळहळली. "मंग दादा नाईत का मांडाले? भाऊ काऊन आला?" त्यानं केळी उचलली आणि निघून आला.

आज निखाऱ्यावर घास टाकून पितराला तीनदा जेवायला हाक मारायची होती. आठवडाभर तो गोठ्यात बैलांपाशी एकटा 'माय' म्हणून पाहत होता. दर वेळी तो शब्द उष्टा वाटला, धनूच्या ताटातला उचलल्यासारखा.

"घेऊन जाय मामीले," तो म्हणाला.

नलू उठूनच उभी राहिली. "अहो."

"मी आत नाई गेलो, हे खरं हाये. त्याचं खोटं नाई." त्यानं पत्रावळ बाजूला सारली. "मामी, तुमी जा त्याच्यासंगं. वहिनीले तिथी बरं वाटन."

धनंजयला वाटलं होतं, भांडण होईल. भांडणाची त्यानं तयारी केली होती. जिंकल्यावर काय करायचं याची केली नव्हती. तो केळी पोटाशी धरून तसाच उभा राहिला. मामींनी निमूट हात धुतले आणि खाटेखाली पायानं चपला शोधू लागल्या.

मोहिनीनं कणकेचा गोळा उचलला आणि परातीत दाणकन आपटला. पुन्हा उचलला, पुन्हा आपटला. लांब रोटीची कणीक अशीच मारावी लागते, ओढली तर तुटणार नाही इतकी. माय म्हणायची, राग आला का कनकीवर काढावा, रोटी चांगली होते. आपट, उचल, आपट. तालात खांदे हलू लागले, आणि मोहिनीच्या ध्यानीमनी नसताना तिच्या ओठांवर मायची ओवी आली. ही ओवी तिला बसून कधी आठवत नसे. कणकेत हात गेले की हातांना आठवे.

*माय माय म्हने साऱ्या गावाचं लेकरू*
*वहिनी म्हने मले, माझं पयलं पाखरू*

मामी एका पायात चपल घालून थांबल्या.

"काय म्हटलं व, मोहिनी?"

"काही नाई मामी. मायची ओवी. तुमच्यावरची."

"माह्यावरची?"

"वहिनी म्हने मले. तुमी तिच्या वहिनी. तुमी तिले म्हना ना, माझं पाखरू." लहानपणापासून दोघं धाकटी भावंडं तसंच समजत आली होती. माय रोटी करताना तिला माहेर आठवतं, माहेरच्या वहिनीनं केलेले लाड आठवतात.

धुरपतामामी हसल्या, आणि हसता हसता त्यांचं तोंड तसंच राहिलं. "मी तिले पाखरू कवा म्हटलं व? ते माह्याहून मोठी. मी तं तिले जलमभर वन्स म्हटलं. अन् लाड कायचे? लग्न झालं तवा आमी दोघी सहा महिने बोललो नाई."

"मंग वहिनी म्हने मले..."

"थांब," मामी म्हणाल्या. त्या खाली बसल्या, एक पाय चपलेत, एक मोकळा. "थांब जरा. धन्या, तू मले दवाखान्यात काऊन बोलावलंतं?"

धनंजयला हा प्रश्न कळेना. "माय तुम्हाले बोलवत होती म्हणून. सकाळपासून तेच चाललं होतं तिचं. वहिनी, वहिनी. मी विचारलं, मामीले आणू? ती काहीच नाही बोलली, नुसतं वहिनी म्हने, वहिनी म्हने. म्हणून मी शेजारच्या राकेशला गाडी घेऊन जामला पाठवलं."

"अन् मी आली."

"आल्या ना तुम्ही."

"मी आली, अन् तिच्या पुढ्यात उभी राह्यली. म्हटलं, वन्स, मी आली, धुरपता. तिनं माह्याकडं पाह्यलं, बाप्पा, अन् मान हालवली. नाई म्हटलं तिनं. मंग दाराकडं पाहाले लागली. मी पुढ्यात, अन् ते दाराकडं पाहे. मले वाटलं, जीव भरमला. म्हनून कोनाले सांगतलं नाई." मामींनी पदर तोंडाशी नेला. "ते मले नव्हती बोलावत रे. ते ओवी म्हने."

परातीतली कणीक पसरत पसरत काठाशी आली. मोहिनीनं ती ओवी पुन्हा म्हटली, या वेळी हळू, एकेक शब्द उचलून पाहत. वहिनी म्हने मले. वहिनी सांगते मला. किंवा मला वहिनी म्हणतं. साऱ्या गावाचं लेकरू माय म्हणतं, आणि मला वहिनी म्हणतं ते...

"माझं पयलं पाखरू," ती म्हणाली, आणि मुकेशकडे पाहू लागली.

मुकेश पत्रावळीकडे पाहत होता. त्याच्या हातातली काडी मोडली.

"मंग आत काऊन नाई आला रे, दादा?" मोहिनीचा आवाज फाटला. "तुहीच वाट पाहत होती ना ते."

माजघराच्या उंबऱ्यावर मुकेशची लेक अपेक्षा गव्हाचे दाणे निवडत बसली होती. वर्ध्याला शिकायची, आणि मोठ्यांच्या बोलण्यात पडायचं नाही हे तिला नलूनं सकाळीच सांगून ठेवलं होतं. तिनं सूप खाली ठेवलं.

"बाबाले सोडलं नाही, आत्या."

"अपेक्षा," मुकेश म्हणाला.

"मी होती ना संग. मोटरसायकलवर आम्हीच दोघं गेलतो. दारावरच्या माणसानं विचारलं, पेशंट तुमची कोण? बाबा बोलून गेले, वहिनी. तो म्हणाला, मुलगा आत आहे, आता फक्त जवळचे. मी म्हटलं, बाबा, आई सांगा ना, सांगा ना त्याले की आई आहे. तर बाबा म्हणाले..." तिनं बापाकडे पाहिलं, आणि थांबायचं की नाही हे ठरवून पुढं बोलली. "म्हणाले, जलमभर नाई म्हटलं तिले. आता पयल्यांदा म्हनू, ते दारवानापुढं? आत जायले भेटावं म्हनून?"

"तू सांगायचं होतं ना मग," धनंजय म्हणाला. "फोन करायचा."

"केला, काका. चार वेळा. तुमचा बंद होता."

आत फोन बंद ठेवायला लावतात. धनंजयला ते आठवलं, आणि त्याच्यामागोमाग दुसरंही आठवलं, जे त्यानं श्रावणापासून कधी आठवून पाहिलं नव्हतं. राकेश जामला निघाला तेव्हा तो स्वतः दारापर्यंत गेला होता. दारावरच्या माणसाला त्यानं सांगितलं होतं, आता आईच्या वहिनी येतील, फक्त त्यांनाच सोडा.

"मामी," त्यानं विचारलं, "तुम्ही आत आल्या तेव्हा दादा कुठं होता?"

"बाकावर. मी म्हटलं, चाल रे संग. तं तो मानूस म्हने, वहिनी एकट्याच. मले सोडलं." मामी रडत नव्हत्या, पण त्यांचा आवाज जमिनीला लागला होता. "वहिनी म्हनून मले सोडलं, अन् वहिनी म्हनते म्हनून त्याले अडवलं. अन् मंग मीच बाहेर येऊन त्याले सांगतलं, गेली म्हनून."

धनंजय पायरीवर बसला. केळी त्यानं मांडीवर घेतली. दादाच्या बाहेरच्या बाकाचा, न उचललेल्या पायांचा इतके महिने त्यानं जो डोंगर रचला होता, त्याच्या तळाशी त्याचंच वाक्य निघालं होतं. त्याला काही तरी म्हणायचं होतं, पण दादापुढं असं काही म्हणायची या घरात रीत नव्हती. तो नुसता म्हणाला, "मले सांगायचं होतं रे."

"काय सांगाचं?" मुकेश म्हणाला. "का मी तिले वहिनी म्हटलं, म्हनून मले बाहेर ठेवलं? हासले असते लोकं."

"मी हासलो असतो?"

मुकेशनं त्याच्याकडे पाहिलं. "मोहिनी हासली असती."

मोहिनीनं कणकेच्या हातांनीच डोळे पुसले, आणि गालावर पिठाचे ओघळ उमटले. "मी सहा वर्षाची होती रे मेल्या," ती म्हणाली, आणि मग खरंच हसली. तिला पाहून नलूही हसली, आणि नलू हसली म्हणजे आता बोलायला हरकत नाही, असं साऱ्यांनाच वाटलं.

धनंजयनं खिशातून फोन काढला. "ऐक," तो घरी फोन लावून म्हणाला, "तुम्ही सारे इकडे या. हो, गावाले. स्वयंपाक गाडीत घाला अन् या. मग सांगतो."

"रस तेवढा आनजा म्हनाव," नलूनं चुलीपुढून सांगितलं. "मामीनं पिळून कमी अन् चाखून जास्त संपवला."

दुपारी पाट मांडला. मामी आनंदाबाईच्या जागी बसल्या, पुढ्यात पळसाची पत्रावळ. तिच्यावर रोटी, रस, वडे, कुरडई आणि चिंचवणी. चुलीतले निखारे नलूनं पाटापाशी काढून ठेवले. धनंजयनं तुपात भिजवलेला घास टाकला आणि हाक मारली, "माय, जेवाले ये. माय. माय." रीतीप्रमाणे मामींनी आनंदाबाईच्या वतीनं ओ दिली. मोहिनीनं घास टाकला. मुलीनं टाकायचा नसतो, असं कोणी तरी म्हणेल म्हणून ती थांबली होती. कोणी म्हटलं नाही. "माय." मामींनी तिलाही ओ दिली.

मुकेश पुढं झाला. घास निखाऱ्यावर पडला आणि नुसताच धुमसत राहिला. त्यानं धनंजयकडे पाहिलं.

"तुझ्या शब्दानं," धनंजय म्हणाला.

"वहिनी," मुकेशनं हाक मारली. आवाज शेतातून मारल्यासारखा निघाला, लांबच्या माणसाला. "वहिनी, जेवाले ये. वहिनी."

मामी गप्प. नलूनं हळूच त्यांना डिवचलं, "मामी, ओ द्या ना."

मामींनी मान हलवली. "एकडाव या हाकेवर मी चुकून गेली होती, पोरी. आता नाई जात. हे हाक जिची हाये तिलेच ओ देऊ दे."

सारे थांबले. बाहेर निंबावर चिमण्यांचा कालवा होता. निखाऱ्यावर तूप चरचरलं, एका कडेनं निळं झालं, आणि मग लखकन ज्योत उठली, हातभर, मुकेशच्या तोंडापर्यंत उजेड नेऊन खाली बसली.

"जेवली," धुरपतामामी म्हणाल्या आणि रोटीचा तुकडा मोडला.

जेवणं झाल्यावर दोघे भाऊ परसातून हात धुऊन आत आले. धनंजयची केळी अजून ओसरीच्या पायरीवर होती, रिकामी. मुकेशनं ती उचलली आणि माजघरातल्या केळीतलं पाणी तिच्यात ओतायला घेतलं.

"हे काय करतो?"

"पिपरीले ने. मांडू नोको. नुसतं पानी पेजो यातलं. तिच्याच केळीतलं हाये."

पाणी भरत आलं तसा धनंजय खालच्या आवाजात म्हणाला, "दादा, एक विचारू? माय म्हणावं असं तुले कधी वाटलं नाही?"

मुकेशनं शेवटची धार ओतली.

"वाटे ना," तो म्हणाला. "पन माय म्हननारे तुमी दोघं होते. वहिनी म्हननारा मी एकटाच. मी सोडलं असतं, तं तिले त्या नावानं कोनं हाक मारली असती?"

त्यानं भरलेली केळी गळ्याला धरून पुढं केली.

"गळ्याले नाही," धनंजय म्हणाला, आणि दोन्ही हातांनी ती खालून धरली. "बुडाले धर. कोरी आहे अजून."